मूळ प्रत

नादुरुस्त झालेली वस्तु टाकून नवी आणावी, कीं तिचें पोट उघडून दुखणें शोधावें, हा प्रश्न प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां उभा राहतो. शिवणयंत्र, घड्याळ, पंखा ह्यांच्या बाबतींत त्याचें उत्तर देणारा कारागीर गांवोगांवीं भेटतो. लॅपटॉपच्या बाबतींत मात्र "यंत्र जुनें झालें, आतां दुसरें घ्या" एवढेंच बहुधा ऐकावयास मिळतें. हें उत्तर दर वेळीं खरें असतेंच असें नाहीं, याचा अनुभव आम्हांस गेल्या मार्गशीर्षांत वज्रेश्वरी मुक्कामीं आला. आमच्या वाचकांस त्यांतून घेण्यासारखें कांहीं आहे असें वाटल्यावरून ती हकीकत या महिन्याच्या सदरांत सादर करीत आहों.

भिवंडी तालुक्यांतील हें गांव तानसा नदीच्या परिसरांत वसलेलें असून देवीच्या देवळामुळें आणि तेथील व शेजारच्या अकलोली-गणेशपुरीच्या ऊन पाण्याच्या कुंडांमुळें सर्वांच्या परिचयाचें आहे. सन १७३९ मध्यें वसई सर झाल्यावर चिमाजी अप्पांनीं केलेल्या नवसाप्रमाणें हें देऊळ उभें राहिलें, अशी परंपरा आहे. त्याचा तट आणि नगारखाना पाहिला म्हणजे देवळाइतकीच किल्ल्याचीहि आठवण होते. आमची धाकटी बहीण येथेंच राहते. चार दिवस कुंडांत स्नान करून गुडघ्यांस आराम द्यावा आणि उरलेला वेळ ओटीवर वाचीत बसावें, एवढाच आमचा बेत होता. भाचीनें तो सिद्धीस जाऊं दिला नाहीं.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकणारी ही मुलगी आम्ही पोंचलों त्याच संध्याकाळीं एक काळा, जाडजूड लॅपटॉप घेऊन आमच्यापुढें बसली. हें यंत्र तिच्या वडिलांचें. आमचे मेहुणे शाळामास्तर होते. सन २०१२ मध्यें घेतलेल्या या यंत्रावर त्यांनीं शेवटपर्यंत प्रश्नपत्रिका तयार केल्या, घरचे हिशेब लिहिले. त्यांना जाऊन आतां दोन वर्षें झालीं. यंत्र चांगलें चालत होतें. परंतु बिनतारी इंटरनेटशीं जोडणारी त्यांतील छोटी पट्टी, जिला वाय-फाय कार्ड म्हणतात, ती निकामी झाली होती. भाचीनें दुसरें कार्ड आणून बसविलें. यंत्र सुरू करतांच काळ्या पडद्यावर इंग्रजींत एक ओळ उमटली: हें कार्ड मान्यताप्राप्त नाहीं, तें काढून टाका. एवढें सांगून यंत्र जागच्या जागीं थांबलें. कार्ड काढलें कीं पूर्ववत् सुरू! तेंच कार्ड दुसऱ्या यंत्रांत घातलें तर तेथें तें बिनतक्रार चाले. म्हणजे कार्डांत दोष नव्हता आणि यंत्रांतहि नव्हता. मग आडवें येत होतें तें कोण? दुकानदारानें सवयीप्रमाणें नवीन यंत्र घेण्याचा सल्ला दिला. कंपनीचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं.

आडवें येणाऱ्याचा परिचय प्रथम करून दिला पाहिजे. संगणकाचें बटण दाबतांच त्याचा मुख्य प्रोसेसर जागा होतो. परंतु त्या क्षणीं त्यास कशाचीच ओळख नसते. पडदा कोठें, कळफलक कोठें, स्मरणशक्ति कशी वापरावी, हें सारें त्यास शिकवणाऱ्या आज्ञा मुख्य पाटीवरील हरभऱ्याच्या डाळीएवढ्या एका चिपेंत लिहिलेल्या असतात. त्यांस फर्मवेअर किंवा जुन्या नांवानें बायॉस म्हणतात. त्या आज्ञा पुऱ्या झाल्यावरच डिस्कवरील विंडोज किंवा लिनक्स यांची पाळी येते. भाचीच्या यंत्रांत याच आज्ञांमध्यें मान्य कार्डांची एक यादी होती. दारावरील पहारेकऱ्यानें यादींत नांव नाहीं म्हणून घरधन्यानें बोलावलेल्या पाहुण्यास परत लावावें, तसा हा प्रकार. घर आपलें, पाहुणा आपला. पण पहारेकरी मात्र कारखानदाराचा!

हें पूर्वीपासून असेंच होतें असें नाहीं. सन १९८१ मध्यें आय.बी.एम. कंपनीनें आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, तेव्हां बायॉसची संपूर्ण संहिता तिनें आपल्या तांत्रिक पुस्तकांत छापून दिली होती. संहितेवरील हक्क कंपनीचे असले तरी ती वाचण्यास ग्राहकास आडकाठी नव्हती. पुढें ही चाल मोडली आणि बायॉस ही बंद पेटी झाली. सन १९९९ मध्यें अमेरिकेंतील लॉस अलामोस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत रॉन मिनिच यांनीं ती पेटी उघडण्याचा उद्योग आरंभिला. अनेक संगणक एकत्र जोडून त्यांच्याकडून मोठें गणित करवून घेतांना प्रत्येकाच्या बायॉसची निराळी मनधरणी करावी लागे. तिच्याऐवजीं आपण स्वतः लिहिलेल्या, कोणासहि वाचतां व बदलतां येतील अशा आज्ञा असाव्या, हा त्यांचा हेतु. प्रथम लिनक्सबायॉस व सन २००८ पासून कोअरबूट या नांवानें हें काम प्रसिद्ध आहे. त्याच्याच पायावर सन २०१३ मध्यें लिब्रेबूट हा उपक्रम निघाला. गूगलच्या क्रोमबुक यंत्रांतहि कोअरबूट असतें. अशा फर्मवेअरांत कार्डांची यादी नसते. आणि भाचीच्या यंत्राच्या जातीसाठीं कोअरबूट तयार होतें. तें बसवावें असें तिनें ठरविलें होतें. तिला हवी होती ती आईची संमति, आणि ती मिळवून देणें हें मामाकडे सोंपविलेलें काम.

आमच्या बहिणीनें सगळें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "दादा, ह्यांच्या हातचं हे एकच राहिलंय. त्यावरचे कागद मी अजून नीट पाहिलेहि नाहींत. इंटरनेट नसलं तरी चालेल मला. पण हे बंद पडलं तर काय कराल?"

या प्रश्नास दोन उत्तरें होतीं. एक सोपें: मेहुण्यांचे कागद डिस्कवर आहेत, आणि ही शस्त्रक्रिया व्हावयाची ती चिपेवर, दोन्ही वस्तु वेगळ्या. तरी सावधगिरी म्हणून डिस्कवरील सर्व मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावयाचा. दुसरें उत्तर अवघड होतें: चिपेंतील आज्ञा बिघडल्यास यंत्र खरोखरच निर्जीव होतें. भाची म्हणाली, "आई, आधीं मी त्या चिपेची जशीच्या तशी प्रत काढीन. ती प्रत पक्की मिळाल्याशिवाय एक अक्षर बदलणार नाहीं. कांहीं चुकलंच तर तीच प्रत परत लिहितां येईल." बहिणीनें थोडा विचार करून संमति दिली, अट एवढीच घातली कीं प्रत पक्की आहे हें मामानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें.

या यंत्रांत चिपा दोन होत्या: एक चार मेगाबाइटांची, दुसरी आठ. वरची लहान चिप हीच कामाची. यंत्र चालू असतां आंतूनच फर्मवेअर बदलण्याची सोय कारखानदाराच्या मान्य आवृत्तीपुरतीच असते. परक्या आवृत्तीस जुनें फर्मवेअर आपल्याच चिपेवर बहुधा लिहूं देत नाहीं. म्हणून पहिल्या खेपेस बाहेरूनच लिहावें लागतें. त्यासाठीं चिपेच्या आठ पायांवर घट्ट बसणारी एक चिमट्यासारखी क्लिप, कांहीं तारा, लिहिणारें छोटें उपकरण आणि तें चालविण्यास दुसरा संगणक, एवढें साहित्य लागतें. दुसरा संगणक भाचीनें मैत्रिणीकडून आणला होता. उपकरण म्हणून तिनें रास्पबेरी पाय पिको ही सन २०२१ मध्यें निघालेली बोटभर पाटी घेतली होती. बाजारांत याहून तयार असें एक स्वस्त उपकरण मिळतें. तें कां घेतलें नाहीं असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "मामा, ही चिप ३.३ व्होल्टची आहे. त्या उपकरणाच्या कांहीं तारांतून पांच व्होल्ट येतात. पुष्कळांचं काम त्यावर होतं. पण बाबांच्या यंत्रावर मला तो जुगार नको."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं माजघरांतील टेबलावर काम सुरू झालें. प्रथम विजेची तार व बॅटरी दोन्ही काढून ठेवल्या. कळफलक व त्याखालील झांकण उचलल्यावर चिपा दिसूं लागल्या. चिपेच्या एका कोंपऱ्यांत ठिपका असतो. तो पहिला पाय. क्लिप उलटी बसली तर चिप जळण्याचा संभव असल्यामुळें तो ठिपका आम्हीं चष्मा लावून दोनदां पाहिला. मग 'फ्लॅशरॉम' या प्रोग्रॅमकडून वरच्या चिपेंतील मजकूर तीन वेळां वाचून तीन फाइली करविल्या. चार मेगाबाइट म्हणजे ४१,९४,३०४ बाइट; इतका मजकूर डोळ्यांनीं ताडून पाहणें अशक्य. म्हणून प्रत्येक फाइलीचा एक सारांक काढतात. शा-२५६ या रीतीनें काढलेला सारांक चौसष्ट अक्षरांचा असतो, आणि फाइलींत एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तरी तो ओळखूं न येण्याइतका बदलतो. आमच्या तीन फाइलींचे तीन सारांक निघाले, आणि तिन्ही निराळे!

एकाच पोथीच्या एकाच लेखकानें केलेल्या तीन नकला परस्परांशीं जुळूं नयेत, असें हें झालें. आमच्याकडे वेदांचा एक एक मंत्र संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा निरनिराळ्या रीतींनीं पाठ करीत, त्यांत हीच काळजी होती: शब्द उलटसुलट जोडून म्हटल्यानें एका पाठांतील चूक दुसऱ्यांत उघडी पडे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें सन १९१९ मध्यें आरंभिलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति सन १९६६ मध्यें पुरी झाली. मधला सर्व काळ शेंकडों हस्तलिखितें एकमेकांशीं ताडण्यांत गेला. पाठ निश्चित होण्यापूर्वीं दुरुस्तीस हात घालावयाचा नाहीं, हा नियम त्या पंडितांचा. आमच्या माजघरांत तोच लागू होता.

दोष तारांत होता. त्या वीतभर लांब होत्या, आणि क्लिपहि एका बाजूस किंचित् कलली होती. भाचीनें तारा निम्म्या केल्या, चिपेचे पाय पुसले, क्लिप पुन्हां बसविली व वाचण्याचा वेग उतरविला. आतां तिन्ही सारांक अक्षरशः एक आले. आम्ही समाधानानें उठूं लागलों, तों ती म्हणाली, "थांबा मामा. क्लिप नीट टेकली नाहीं तरीहि तिन्ही सारखेच येऊं शकतात. फक्त ते कोरे असतात." दोन कोऱ्या वह्या तंतोतंत सारख्याच असणार, हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें! तिनें फाइल उघडून आंत पाहिलें. कारखानदाराचें नांव, यंत्राची जात, आणि तो नकाराचा निरोप, सर्व तेथें जागच्या जागीं होतें. खालच्या चिपेचीहि अशीच प्रत काढली. दोन्ही प्रती दोन पेनड्राइव्हांवर उतरवून एक बहिणीच्या हवालीं केली, तेव्हां कोठें आमचें साक्षीदाराचें काम संपलें.

दुपारीं चहा झाल्यावर नवें फर्मवेअर लिहिलें. लिहून झाल्यावर फ्लॅशरॉम पुन्हां चिप वाचतो आणि दिलेल्या मजकुराशीं ताडतो. "पडताळलें" असा त्याचा निर्वाळा आला. झांकण अर्धवट बसवून, बॅटरी लावून भाचीनें बटण दाबलें. दिवा लागला, पंखा फिरला. पडदा मात्र काळा तो काळाच. पहिल्या खेपेस थोडा वेळ लागतो म्हणून मिनिटभर वाट पाहिली, मग आणखी पांच मिनिटें. कांहीं नाहीं. आमची बहीण दारांत उभी होती. ती एक शब्दहि बोलली नाहीं, आणि तशीच आंत निघून गेली. मुलीचा चेहरा अगदीं उतरून गेला.

तिचा विचार ताबडतोब दुसरी आवृत्ति लिहून पाहण्याचा होता. आम्हांस या शास्त्रांतलें फारसें समजत नाहीं. परंतु घाबरलेल्या माणसानें लागोपाठ उपाय करूं नयेत, एवढें वयामुळें समजतें. आम्हीं सांगितलें, आधीं मूळ प्रत परत लिही, यंत्र जिवंत आहे कीं नाहीं तें पाहूं, बाकीचें उद्यां. तिनें तसें केलें. बटण दाबल्यावर कारखानदाराची ती नेहमींची खूण पडद्यावर आली आणि मागोमाग मेहुण्यांनीं ठेवलेलें देवळाचें चित्र दिसलें. बहिणीस हांक मारली. ती येऊन खुर्चीवर बसली, आणि "चहा घेतां का अजून?" एवढेंच म्हणाली. तिच्या त्या विचारण्यांत किती भार उतरला होता, तें आम्हीं ओळखलें.

चूक दुसऱ्या दिवशीं पहांटे सांपडली, आणि ती साधी होती. नवें फर्मवेअर तयार होतें तें दोन्ही चिपा मिळून बारा मेगाबाइटांची एक फाइल म्हणून. तिचे शेवटचे चार मेगाबाइट वरच्या चिपेंत जावयाचे; भाचीनें घाईंत पहिले चार दिले होते. फ्लॅशरॉमचा निर्वाळा खोटा नव्हता. लेखनिकानें सांगितलेला मजकूर बिनचूक उतरविला होता. सांगणाऱ्यानेंच भलतें पान पुढें केलें होतें. नक्कल बरोबर असणें आणि नक्कल केलेली वस्तु बरोबर असणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीची खात्री यंत्र देतें, दुसरीची माणसानेंच करून घ्यावी लागते.

योग्य तुकडा लिहून पुन्हां बटण दाबलें. क्षणभर काळोख, मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या दोन-चार ओळी, आणि यंत्र सुरू झालें. नवें कार्ड त्यानें निमूटपणें पत्करलें. मेहुण्यांच्या कागदांस धक्का लागला नव्हता. लागण्याचें कारणहि नव्हतें. तरी बहिणीनें एक एक फाइल उघडून पाहिली, आणि सहामाहीच्या एका प्रश्नपत्रिकेपाशीं बराच वेळ थांबली.

या यशाच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. खालच्या चिपेंत इंटेलचें मॅनेजमेंट एंजिन म्हणून एक स्वतंत्र फर्मवेअर असतें. मुख्य प्रोसेसरच्या बरोबरीनें तें आपलें काम करीत राहतें आणि त्याची संहिता खुली नाहीं. तें समूळ काढल्यास या जातीचें यंत्र अर्ध्या तासांत आपोआप बंद पडतें. त्याचा बहुतेक भाग छाटून टाकणारें साधन उपलब्ध आहे. पण भाचीनें या वेळीं तिकडे हात घातला नाहीं, आणि आम्हांस तें शहाणपणाचें वाटलें. शिवाय सन २०१३ नंतरच्या पुष्कळ यंत्रांत कारखान्यांतच अशी मोहोर बसविलेली असते कीं कारखानदाराच्या सहीवांचून दुसरें फर्मवेअर चालतच नाहीं. तेथें क्लिप आणि तारा कांहीं करूं शकत नाहींत. म्हणजे जुनें यंत्र या एका बाबतींत नव्याहून अधिक आपलें असतें, हें टाकण्यापूर्वीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

ज्यांस हा उद्योग करावासा वाटेल त्यांनीं पुढील गोष्टी पाळाव्या. आपल्या यंत्राची नेमकी जात कोअरबूटच्या यादींत आहे कीं नाहीं तें प्रथम पाहावें. नांवांत एका अक्षराचा फरक असला तरी आंतील पाटी वेगळी असूं शकते. यंत्र महाविद्यालयाचें किंवा कचेरीचें असेल तर त्यास हात लावूं नये. हमीची मुदत चालू असेल तर ती जाईल असें धरून चालावें. घरांत एकच संगणक असेल आणि परीक्षा तोंडावर असेल तर थांबावें. चिपेचे व्होल्ट पाहावे, बॅटरी काढावी, ठिपका ओळखावा. प्रत तीनदां काढावी, सारांक ताडावा आणि फाइल उघडून ती कोरी नाहीं हें पाहावें. आणि एकदां पहारेकरी आपला नेमला म्हणजे त्याच्या चुकांची जबाबदारीहि आपलीच. पुढील सुधारणा आपणच बसवाव्या लागतील.

आपल्या वस्तूवर आपला अधिकार असावा, असें सर्वांसच वाटतें. परंतु मूळ स्थितीस परत येण्याची वाट राखून जो बदल करतो, त्याच्याच हातीं तो अधिकार शोभतो. ती वाट होती म्हणूनच त्या दुपारीं एक मुलगी आईपुढें अपराधी ठरली नाहीं. निघतांना आम्हीं पाहिलें तों तो पेनड्राइव्ह बहिणीनें एका लहानशा डबींत घालून देव्हाऱ्याखालच्या पेटींत, पोथ्यांच्या शेजारीं ठेवला होता. वर चिकटविलेल्या कागदावर तिनें आपल्या हातानें लिहिलें होतें: "ह्यांच्या यंत्राची मूळ प्रत. पुसूं नये."